घरातील राउटर आणि शेजारधर्म

फोंड्याच्या आसपासचे एखादे जुने घर डोळ्यांपुढे आणावे. जांभ्या दगडाच्या रुंद भिंती, पुढे सोपा, मध्ये माजघर आणि सर्वांत मागे आजींची खोली. सोप्यातील लोखंडी कपाटावर राउटर नावाची लहानशी पेटी ठेवलेली आहे. आजींचा मुलगा आखातात नोकरीला आहे आणि रोज रात्री साडेआठच्या सुमारास तो मोबाईलवर आईशी बोलतो. दिवसभरात आजींना याच घटकेची ओढ असते. परंतु नेमक्या त्याच वेळी चित्र थांबते व आवाज तुटू लागतो. "अरे, त्याचं तोंड हलतं, पण शब्द काही कळत नाही," असे म्हणून आजी मोबाईल नातवाच्या हाती देतात.

नातू कॉलेजात शिकणारा आहे. तो राउटरमागील चिठ्ठीवर छापलेला पत्ता संगणकावर उघडतो आणि 'ॲडव्हान्स्ड वायरलेस' या पानावर येतो. चॅनेल, रुंदी, प्रक्षेपणशक्ती, बीकन इंटर्व्हल अशी नावे तेथे ओळीने मांडलेली असतात. अर्थ न लागल्यामुळे तो साधा नियम लावतो : जे जे वाढवता येईल ते ते वाढवावे. शक्ती सर्वांत अधिक, रुंदी सर्वांत मोठी. "आजी, आज सगळं वाढवून ठेवलंय हं!" असे तो मोठ्या विश्वासाने सांगतो. त्या रात्री मात्र आवाज पूर्वीपेक्षाही अधिक तुटतो. भिंतीपलीकडच्या काकांकडेही तोच त्रास चालू असतो आणि त्यांनीही तोच उपाय योजलेला असतो.

या दोन घरांची चूक कोठे झाली हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७१ साली हवाई विद्यापीठाने वेगवेगळ्या बेटांवरील केंद्रे बिनतारी पद्धतीने एका संगणकाला जोडली. सर्व केंद्रांना बोलण्यासाठी वाट एकच होती. दोघे एकाच वेळी बोलले की दोघांचेही संदेश नष्ट होत. मग प्रत्येकाने काही काळ थांबून पुन्हा बोलावे, अशी रीत तेथे ठरली. १९९७ साली वाय-फायचे पहिले प्रमाण प्रसिद्ध झाले, त्यात ही रीत अधिक सुधारलेल्या स्वरूपात आली : आधी ऐकावे, वाट मोकळी असेल तरच बोलावे, आणि पुन्हा टक्कर झाल्यास अधिक काळ थांबावे. म्हणजे हे यंत्र सभेतील सभ्य वक्त्यासारखे आहे. इतरांचे बोलणे ऐकू येत असेल, तर ते स्वतः गप्प बसते.

ज्या लहरींवर हे सारे चालते, त्या कोणा एकाच्या मालकीच्या नाहीत. एके काळी आपल्या देशात घरी साधा रेडिओ बाळगण्यासही परवाना लागत असे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून भारत सरकारने परवान्याची अट २००५ साली काढून टाकली, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग २०१८ साली खुला झाला. मात्र ही मोकळीक एका अटीवर आहे. वापर सामाईक राहील, दुसऱ्यास अडथळा करता येणार नाही आणि दुसऱ्याच्या अडथळ्यापासून संरक्षणही मागता येणार नाही. गावच्या पाणवठ्याचाच हा कायदा झाला.

आता त्या पानावरील शब्दांकडे वळावे. पहिला शब्द चॅनेल. २.४ च्या पट्ट्यात भारतात १ ते १३ असे चॅनेल आहेत. परंतु लगतच्या दोन चॅनेलांमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचे, आणि एका राउटरला बोलण्यास जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल सामान्यतः तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. पुष्कळ लोक शेजारी १ वर व ६ वर आहेत असे पाहून मधला ३ निवडतात आणि आपण मोकळी जागा शोधली असे समजतात. प्रत्यक्षात ते दोघांच्याही अंगावर बसलेले असतात. एकाच चॅनेलवरील यंत्रांना एकमेकांचे बोलणे कळते व ती पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचे बोलणे मात्र केवळ गोंगाट ठरते. म्हणून गर्दी अटळ असेल, तर मध्येच घुसण्यापेक्षा त्या तिघांपैकी कमी गजबजलेल्या एकावर जावे. कोणता चॅनेल किती भरला आहे, हे दाखवणारी साधने मोबाईलवर फुकट मिळतात.

दुसरा शब्द रुंदी. रुंदी २० ऐवजी ४० केली की कागदोपत्री वेग वाढतो, कारण रस्ता दुप्पट होतो. परंतु २.४ चा सारा पट्टाच मुळी ८० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. त्यातील अर्धा एका घराने अडवला की, शेजाऱ्यांची यंत्रे त्यात येतात आणि याचे बोलणे वारंवार अडते. नातवाच्या हातून नेमके हेच घडले. दाट वस्तीत या पट्ट्यात २० हीच रुंदी हितकर. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे; तेथे ४० किंवा ८० ठेवण्यास हरकत नसते.

तिसरा शब्द प्रक्षेपणशक्ती, म्हणजे राउटरने किती मोठ्याने बोलावे हे ठरवणारी किल्ली. मोकळ्या जागेतसुद्धा दुप्पट अंतर गाठण्यास चौपट शक्ती लागते, मग जांभ्या भिंतींची गोष्टच वेगळी. शिवाय हे संभाषण दुतर्फा आहे. राउटर कितीही ओरडला, तरी आजींच्या हातातील मोबाईलचा आवाज तेवढाच क्षीण राहतो. मोबाईलवर खुणेच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, पण त्याचे उत्तर सोप्यापर्यंत पोहोचत नाही. आणि तो मोठा आवाज शेजारच्या घरात जाऊन तेथील यंत्रांना मात्र गप्प बसवतो. दोन्ही घरांनी शक्ती वाढवली, तेव्हा दोन्ही घरांचा तोटाच झाला.

म्हणून पहिला उपाय त्या पानावर नसून घरातच आहे. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्याजवळून राउटर हलवावा. तो उंचावर व घराच्या मध्यभागी, म्हणजे या घरात माजघरात आणावा. २.४ च्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ च्या लहरींची सुमारे सहा. आखूड लहरी भिंतीत अधिक अडतात. यास्तव राउटरच्याच खोलीतील दूरदर्शन संच व संगणक ५ च्या पट्ट्यावर घ्यावेत आणि मागील खोलीसाठी २.४ चा पट्टा मोकळा ठेवावा. मायक्रोवेव्ह ओव्हन याच २.४ च्या पट्ट्यात काम करतो. स्वयंपाकघरात तो चालू झाला की संभाषण अडखळू लागते, ते यामुळेच.

उरलेल्या सेटिंगांत हात न घालणे हाच शहाणपणा. राउटर दर दहाव्या हिश्श्याच्या सेकंदाला 'मी येथे आहे' अशी हाक देतो. तो काळ बीकन इंटर्व्हलमध्ये १०० या आकड्याने दाखवलेला असतो व तसाच ठेवावा. आरटीएस थ्रेशोल्ड बहुधा २३४७ असतो, म्हणजे ती सोय जवळजवळ बंद असते. दोन टोकांच्या खोल्यांतील यंत्रांना एकमेकांचा आवाज पोहोचत नसेल, तेव्हा बोलण्यापूर्वी राउटरची परवानगी घ्यावयास लावणारी ही सोय उपयोगी पडते. परंतु परवानगी मागण्यातही वेळ जातो. इतर सर्व उपाय थकल्यावरच ती अजमावावी.

एका बाबतीत मात्र चालढकल करू नये. १९९७ च्या प्रमाणातील वेप ही कुलुपाची पद्धत २००१ सालीच फोल ठरली. तेथे डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ निवडावी. डब्ल्यूपीएस नावाच्या सोयीत आठ अंकी क्रमांक असतो. वरवर पाहता त्याच्या दहा कोटी जुळण्या होतात. पण यंत्र त्याचे दोन भाग स्वतंत्रपणे तपासते आणि शेवटचा अंक तर आधीच्या सातांवरूनच काढलेला असतो. त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ साली उघड झाले. ती सोय बंद करावी. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. नाव लपवून ठेवल्याने घर सुरक्षित होत नाही, कारण जाणत्याला ते सहज दिसते.

हे सारे करताना शिस्त मात्र रोजमेळ लिहिणाऱ्याची असावी. बदलण्यापूर्वी जुने आकडे वहीत टिपून ठेवावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि परीक्षा ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, त्याच खोलीत घ्यावी. दुपारच्या शांततेत मिळालेले यश रात्रीच्या गर्दीत टिकेलच असे नाही. गोंधळ झाल्यास मागील छिद्रातील बटण दाबून सर्व काही मुळावर आणता येते. परंतु त्याबरोबर जोडणी देणाऱ्या कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते. ती आधी उतरवून घेतलेली बरी.

शेवटी आजींनीच मार्ग सुचवला. "अरे, पलीकडच्या काकांना विचारलंस का? त्यांच्याकडेही हेच चाललंय ना?" नातू संकोचत कुंपणापाशी गेला. दोघांनी एकत्र बसून मोबाईलवर चॅनेल पाहिले आणि ठरवले की एकाने १ वर राहावे, दुसऱ्याने ११ वर. रुंदी दोघांची २०, शक्ती दोघांची मध्यम. राउटर कपाटावरून माजघरात आला. त्या रात्री साडेआठला मोबाईल वाजला, तेव्हा आजींनी तो कोणाकडेही दिला नाही. शब्द स्वच्छ येत होते. दोन्ही घरांनी आपापला आवाज थोडा खाली आणल्याने दोघांचेही ऐकू येऊ लागले होते.