जीव घाबरतो तेव्हा: स्त्रिया, चिंता आणि कोचिंग



‘कोचिंग’ म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीचे, नाहीतर ‘नीट’चे क्लास आठवतात. मी आज ज्या कोचिंगबद्दल बोलणार आहे, त्यात फळा नसतो आणि परीक्षाही नसते. दोन माणसं ठरलेल्या वेळी बसतात. कोच ऐकते, प्रश्न विचारते. समोरची बाई स्वतःच्या अडचणीतून वाट काढते आणि पुढच्या आठवड्यात काय करून बघायचं ते स्वतः ठरवते. चिंतेने त्रासलेल्या स्त्रियांना याचा उपयोग कसा होतो आणि तो कुठे संपतो, हे दोन्ही सांगायचं आहे.

आपल्या घरांत ‘चिंता’ हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. ‘जी घबराता है’ म्हणतात, ‘छातीत धडधडतं’, ‘टेन्शन आलंय’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंताविकार होता आणि त्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. तरी घरातून उत्तर काय मिळतं? ‘इमान कमजोर झालंय’, ‘नजर लागली’, ‘लग्न झालं की ठीक होईल’. त्रास राहतोच, वर अपराधीपणाही चिकटतो.

अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान इसवी सन ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. राग, भीती, दुःख आणि पाठ न सोडणारे विचार यांची त्यात वेगवेगळी चर्चा आहे. त्यांचा एक सल्ला आजही कामाचा आहे: घरात जशी औषधं आधीच आणून ठेवतो, तसे आधार देणारे विचार मन शांत असतानाच जमवून ठेवावेत. म्हणजे मनाच्या त्रासाला त्रास म्हणणं आणि त्यावर उपाय शोधणं हे आपल्या परंपरेत हजार वर्षांपूर्वीच होतं.

आता चिंता म्हणजे काय ते पाहू. धोका दिसला की शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. ॲड्रिनलिन वाढतं, काळीज धडधडतं, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. समोर कुत्रा धावून आला तर हे सगळं उपयोगी आहे. पण कुणाचा ‘जरा बोलायचंय’ एवढाच मेसेज आला तरी तसंच होऊ लागलं, तर जगणं अवघड होतं. मग आपण ती गोष्टच टाळतो. टाळलं की लगेच बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं आणि भीती आणखी मोठी. कोचिंगचं बरंचसं काम या टाळण्यावर असतं.

समजा, भिवंडीची एक मुलगी आहे. बी.कॉम. झालेली. ठाण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं की आदल्या रात्री झोप लागत नाही, सकाळी पोट बिघडतं आणि ती जात नाही. चांगली कोच तिला ‘पॉझिटिव्ह विचार कर’ असं सांगणार नाही. ती विचारेल, ‘नेमकी भीती कशाची आहे? कागदावर लिही.’ मुलगी लिहील: इंग्रजीत अडखळेन, एकटीने इतक्या लांब गेले नाही, हिजाब पाहून नाकारतील, अब्बूंना आवडणार नाही.

एकच मोठं ओझं होतं, त्याच्या चार वेगळ्या गोष्टी झाल्या. इंग्रजीसाठी पाच उत्तरं मोठ्याने म्हणण्याचा सराव करता येईल. प्रवासासाठी या आठवड्यात बहिणीसोबत ठाण्याला जाऊन यायचं, पुढच्या आठवड्यात एकटीने. अब्बूंशी काय बोलायचं, आधी अम्मीला सोबत घ्यायचं का, हे ठरवता येईल. हिजाबची भीती मात्र मनाचे खेळ म्हणून झटकायची नाही. असा भेदभाव होतो. दुसऱ्याचा पूर्वग्रह तिच्या हातात नाही. प्रश्न आलाच तर काय उत्तर द्यायचं आणि नकार आला तर पुढचा अर्ज कुठे करायचा, हे तिच्या हातात आहे. मुलाखतीच्या दिवशीही छाती धडधडेलच. फरक इतकाच की ती धडधड घेऊन ती आत जाईल.

घरी करता येण्याजोग्या दोन गोष्टी सांगते. घाबरल्यासारखं झालं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. चार आकड्यांत घेतला तर सहा आकड्यांत सोडा. दुसरी, काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. दिवसभरात काळजी आली की तिला सांगा, ‘तुझी वेळ सहाची.’ हसू नका, सवयीने जमतं.

आता कोचिंगची हद्द. कोच डॉक्टर नसते. धडधड, थकवा, चक्कर यांमागे थायरॉईड किंवा ॲनिमियाही असू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला. म्हणून आधी रक्त तपासून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण, काम बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. चालू असलेलं औषध कोचच्या सांगण्यावरून बंद करायचं नाही.

आपल्याकडे स्वतःला कोच म्हणवून घ्यायला कायद्याने परवाना लागत नाही. म्हणून पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. शिक्षण कुठे घेतलं? माझं बोलणं गुप्त राहील का? किती भेटी, किती फी? माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा निघाला तर कुणाकडे पाठवाल? शेवटच्या प्रश्नावर जी व्यक्ती चिडते, तिच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. काही स्त्रियांची भीती अगदी खरी असते. नवरा मारतो, सासरचे पैसे मागतात, भाऊ मोबाईल तपासतो. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवून तिला शांत करणं म्हणजे धोक्याची घंटा वाजत असताना कानात बोळे घालणं. तिला १८१ ही महिला हेल्पलाईन माहीत हवी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही माहीत हवं. ‘सब्र कर’ एवढंच शिकवणारं कोचिंग आपल्याला नको. बाईने निमूट सहन करत राहावं म्हणून तिची चिंता कमी करायची नसते. तिला नीट विचार करता यावा आणि स्वतःचा निर्णय घेता यावा, यासाठी ती कमी करायची.

इथे बसलेल्या भावांनाही एक काम देते. बहिणीने ‘जीव घाबरतो’ म्हटलं तर लगेच उपाय सांगू नका, चेष्टा तर नकोच. ‘कशाने होतं? मी काय करू?’ एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तिला ठाण्याला जायचं असेल, तर पहिल्या दिवशी सोबत जा. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला जाऊ द्या.