गर्भाशयातील पडदा : शस्त्रक्रिया केव्हा आणि कशासाठी?



विवाहास चार-पाच वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की पहिले बोट सुनेकडे वळते. मग दवाखान्यांच्या पायऱ्या सुरू होतात. टेस्ट ट्यूब बेबीची तयारी चालू असतानाच एखाद्या दिवशी सोनोग्राफीच्या अहवालात 'गर्भपिशवीत पडदा आहे' असे शब्द येतात आणि सासरी-माहेरी सर्वांना वाटते, कारण सापडले! पडदा काढला की मार्ग मोकळा, असे सारे धरून चालतात. ही समजूत कितपत खरी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा पडदा जन्मतःच असतो. मुलगी आईच्या उदरात असताना तिचे गर्भाशय दोन नलिकांपासून घडते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने त्या नलिका ओळखल्या जातात. कापडाच्या दोन पट्ट्या काठाला काठ लावून जोडाव्यात आणि पुढे मधली शिवण आपोआप विरून जावी, तसा हा प्रकार आहे. शिवण विरली नाही तर मध्ये पडदा उरतो. यात त्या स्त्रीचा, तिच्या आहाराचा वा वागणुकीचा काडीमात्र दोष नाही. किंबहुना असा पडदा असूनही सुखरूप बाळंत झालेल्या आणि आयुष्यभर त्याची वार्ताही नसलेल्या अनेक स्त्रिया असतात.

पट्ट्याच वरच्या बाजूस नीट न जुळल्या, तर मात्र गर्भाशय दोन शिंगांचे होते. औषध सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये या दोन्ही अवस्था जवळजवळ सारख्याच दिसतात, कारण त्यात फक्त आतली पोकळी दिसते. फरक कळतो तो बाहेरच्या माथ्यावरून. पडदा असेल तर माथा सलग असतो, दोन शिंगे असतील तर तेथे खोल खाच असते. त्यासाठी त्रिमितीय सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. दोन शिंगांच्या गर्भाशयाला पडदा समजून आतून कात्री चालवली, तर ती थेट भिंतीतून आरपार जाऊ शकते. म्हणून केवळ एक्स-रेच्या आधारे शस्त्रक्रियेची तारीख कोणी देत असेल, तर घाई करू नये.

दुहेरी गर्भाशय सांधण्याची शस्त्रक्रिया १९०७ साली जर्मनीतील पाउल स्ट्रासमान यांनी मांडली. पुढे पडद्यासाठीही पोट उघडून गर्भाशय चिरण्याच्या पद्धती आल्या. त्यानंतर कित्येक महिने गर्भधारणा टाळावी लागे आणि बाळंतपण बहुधा सिझेरियननेच करावे लागे. दुर्बीण आल्यावर हे सारे पालटले. योनिमार्गातून बारीक दुर्बीण आत सरकवायची, द्रव सोडून पोकळी फुगवायची आणि पडदा कापायचा. पोटावर टाका नाही, रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी. शस्त्रक्रिया सोपी झाली आणि सोपी झाली म्हणूनच ती अधिक प्रमाणात होऊ लागली.

तिच्या बाजूने आकडेही मोठे दिले जात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शस्त्रक्रियेपूर्वी गर्भपाताचे प्रमाण ८८ टक्के, तर नंतर १४ टक्के असे दाखवले होते. परंतु हा हिशेब तपासून घ्यावा असा आहे. ज्यांचे वारंवार गर्भपात झाले, त्याच स्त्रिया शस्त्रक्रियेसाठी निवडल्या गेल्या होत्या. दुकानाच्या सर्वांत वाईट वर्षाशी पुढच्या वर्षाची तुलना करून सारे श्रेय नव्या पाटीला देण्यासारखेच हे झाले. पाटी न बदलताही पुढचे वर्ष बहुधा बरेच गेले असते.

खरी परीक्षा झाली ती नेदरलँड्समधील डॉक्टरांच्या पुढाकाराने. वंध्यत्व, गर्भपात किंवा अकाली प्रसूतीचा इतिहास असलेल्या, पडदा असलेल्या ८० स्त्रियांची २०१० ते २०१८ या काळात चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत विभागणी केली गेली. इंग्लंड, अमेरिका व इराण येथील स्त्रियांचाही त्यात समावेश होता. एका गटाचा पडदा कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या ३९ पैकी १२ जणींना, तर न झालेल्या ४० पैकी १४ जणींना जिवंत अपत्य झाले. शस्त्रक्रियेच्या गटात एकीच्या गर्भाशयाला छिद्रही पडले.

संख्या लहान आहे, हा आक्षेप योग्य आहे. एवढ्या स्त्रिया मिळवण्यास आठ वर्षे लागली, यावरूनच अडचण कळते. तेव्हा शस्त्रक्रिया कोणालाच उपयोगी नाही, असे यातून सिद्ध होत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रीला अनुभवी डॉक्टर ती आजही सुचवतात. पण 'पडदा काढल्याशिवाय मूल होणार नाही' असे ठामपणे सांगण्यास आधार उरलेला नाही.

तथापि दुर्बिणीची प्रत्येक शस्त्रक्रिया याच मापाने मोजू नये. गर्भाशयातील पॉलिप, म्हणजे अस्तरावरील मांसल वाढ, काढण्याविषयी स्पेनमध्ये अशीच परीक्षा झाली. कृत्रिम वीर्यरोपणाच्या तयारीतील स्त्रियांपैकी पॉलिप काढलेल्या ६३ टक्के, तर न काढलेल्या २८ टक्के स्त्रियांना दिवस गेले, असे २००५ साली दिसून आले. कित्येकींना तर वीर्यरोपणापूर्वीच दिवस राहिले! आपल्याकडे क्षयरोगाने किंवा क्युरेटिंगनंतर गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटतात, तो प्रश्न आणखी निराळा आहे. तेथे चिकटलेला भाग सोडवावा लागतो आणि तो पुन्हा चिकटण्याची भीतीही राहते. उलट सोनोग्राफीत सारे ठीक असतानाही टेस्ट ट्यूबपूर्वी 'एकदा आत डोकावून पाहू' म्हणून सरसकट दुर्बीण घालण्याने लाभ होत नाही, हे २०१६ साली युरोपातील दोन मोठ्या अभ्यासांत आढळले.

यास्तव पडद्याचे निदान झालेल्या दांपत्याने डॉक्टरांना शांतपणे विचारावे : माथा सलग असल्याची खात्री कशावरून केली? पडद्याची लांबी किती? यापूर्वी गर्भ राहून गेला आहे, की राहिलाच नाही? शस्त्रक्रियेनंतर किती महिने थांबावे लागेल? पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीसाठी हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण वाढत्या वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता घटत जाते. आणि या साऱ्याआधी पतीच्या वीर्याची तपासणी झालेली असावी. ती स्वस्त आहे, तिला भूल लागत नाही, आणि तरीही अनेक घरांत तीच सर्वांत शेवटी होते.