मेंदूचं ऑपरेशन कुणाला लागू पडतं?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी मोठं कर्ज मागितलं. सासऱ्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. कुणीतरी सांगितलेलं, मेंदूत तार घालतात, माणूस बरा होतो. ताई दुभती म्हैस विकायलाही तयार. मी म्हटलं, आधी मेंदूच्या डॉक्टरांना विचारू, मग ठराव.

या ऑपरेशनला डीबीएस म्हणतात. मेंदूत बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. आजार मुळातून जात नाही. आपल्याला वाटतं, गोळी चालेना म्हणून ऑपरेशन. खरं तर उलटं आहे! गोळीने अंग मोकळं होतं, पण तिचा असर लवकर उतरतो, अशांना ते जास्त लागू पडतं. म्हणून डॉक्टर रात्रीपासून गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. साधारण ३० टक्के तरी फरक दिसावा लागतो. (घरी आपल्या मनाने गोळी बंद करू नका बरं का, ते धोक्याचं आहे.) हातांचा कंप मात्र गोळीला दाद देत नसला तरी ऑपरेशनने कमी होऊ शकतो. गोळी घेऊनही तोल जात असेल, तर तो सहसा सुधारत नाही. विसरभोळेपणा फार वाढला असेल, तर डॉक्टर बहुधा नकोच म्हणतात.

ताईंनी गटाच्या हिशेबासारखी वही केली. गोळी किती वाजता दिली, अंग कधी आखडलं, कधी सुटलं. वही बघून डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. ऑपरेशनचं पुढच्या भेटीत ठरेल. म्हैस अजून गोठ्यातच आहे.