बुंध्याशी भुसा दिसला की थांबायचं नाही

आम्ही पहूरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या बांधावरचा आंबा वाळला. सासऱ्यांनी लावलेलं झाड. त्याच्याच कैऱ्यांचं लोणचं घालून गट चार पैसे मिळवायचा. आधी एका फांदीची पानं पिवळी पडली. आम्हाला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, शेणखत घातलं. बुंध्याशी भुसा पडायचा, तो झाडून टाकायचो. तीच खरी खूण होती, हे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

हा भिरूड, म्हणजे खोडकिडा. लांब मिशांचा करडा भुंगेरा पावसाळ्यात सालीच्या फटीत अंडी घालतो. त्यातून निघालेली पांढरट अळी खोड पोखरत आत शिरते आणि बोटाएवढी जाड होते. छिद्रातून भुसा आणि चिकट रस बाहेर येतो. अळी लाकडाच्या आत असते, म्हणून वरून फवारून ती मरत नाही.

आंबा हे कोयीचं फळ. डोंगराळ भागातल्या पीच, जर्दाळूलाही खोड पोखरणाऱ्या अळ्या छळतात.

दुसऱ्या झाडाला भुसा दिसला तेव्हा आम्ही थांबलो नाही. छिद्र साफ केलं. आकडा केलेली तार आत घालून अळी ओढून काढली. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारला आणि छिद्र चिखलानं लिंपलं. आठ दिवसांनी पाहिलं, ताजा भुसा नव्हता. ते झाड वाचलं. पेट्रोल हाताळताना जवळ चूल, बिडी नको, लेकरं नकोत. घरात डायक्लोरव्हॉसची जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. 2020 च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे.

एक चूक आमची, बायांची. वाळलेल्या फांद्या तोडून आम्ही सरपण म्हणून झाडाखालीच रचल्या. त्या लाकडात अळी जगते, भुंगेरा होऊन बाहेर पडते आणि शेजारच्या झाडावर जाते. किडकं लाकूड पावसाळ्याआधी चुलीत घाला, साठवू नका.

फांदी कापली की जखमेवर बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवा, मग दोन्ही एकत्र ढवळा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. मलमात लोखंडी सुरी बुडवून बघा. तांबूस झाली तर चुना आणखी घाला.

लिंबू, पेरू, बोराच्या खोडावर जाळी आणि विष्ठेचे लपेटे दिसले, तर ती साल खाणारी अळी. ती रात्री बाहेर येते. जाळी झाडून काढा, छिद्रात तार फिरवा.

आता आमच्या गटाच्या बैठकीच्या दिवशी दोघीजणी सगळ्यांची झाडं बघून येतात. पासबुकाबरोबर बुंधाही तपासतो. तुम्हीही उद्या सकाळी बांधावर गेलात की आधी बुंध्याशी वाकून बघा. राम राम.