ट्रॅक्टरची नाडीपरीक्षा

पारनेर म्हटलें कीं शहरांतील सुशिक्षित माणसास सेनापति बापटांचें जन्मगांव आठवतें, नाहीं तर राळेगणसिद्धीचें जलसंधारण. त्याच पठारी मुलुखांतील एका निराळ्या दुखण्याविषयीं आज बोलावयाचें आहे. जुना ट्रॅक्टर रात्रीं मुद्दाम चढावर उभा करून ठेवण्याची चाल खेड्यापाड्यांतून आढळते. सकाळीं तो उतारावरून सोडावयाचा, वेग आला कीं गिअरमध्यें घेऊन क्लच सोडावयाचा, म्हणजे इंजिन एकदांचें धडधडूं लागतें. युक्ति नामी खरी. पण ती रोगाचें लक्षण आहे. बॅटरी किंवा सेल्फ थकला असेल, नाहीं तर इंजिनांतील हवेचा दाब उतरला असेल.

या दाबाचें महत्त्व काय? जर्मन इंजिनिअर रुडॉल्फ डिझेल याचें पहिलें यशस्वी इंजिन ऑग्सबुर्ग येथें १८९७ सालीं चाललें. त्यांत ठिणगीची योजनाच नव्हती, आणि आजच्या डिझेल इंजिनांतहि ती नसते. सायकलींत हवा भरतांना पंपाची नळी तापते, हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. येथेंहि तेंच घडतें. पिस्टन हवेला दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शांत कोंडतो. हवेची उष्णता ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. आणि तींत शिरलेलें तेल आपोआप पेट घेतें. हवा कोठून तरी निसटली, तर उष्णता पुरत नाहीं. सकाळच्या गारव्यांत इंजिन सुरू होत नाहीं आणि न जळलेल्या तेलाचा पांढरा धूर निघतो.

मुंबईस १९६३ सालीं इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली व तिचा चार सिलिंडरांचा बी-२७५ शेतांत आला. त्या पिढीचें यंत्र आज ज्याच्या दारीं आहे, त्याच्यापुढें हा प्रश्न ऐन मृगाच्या तोंडावर उभा राहतो. गांवचा मिस्त्री धूर पाहून सांगतो, "इंजिनाचें पूर्ण काम करावें लागेल." म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर सारेंच नवें! कोरडवाहू शेतकऱ्याचें बीबियाण्याचें भांडवल त्यांत जातें. आणि दोष केवळ एका व्हॉल्व्हचा असेल, तर तो खर्च व्यर्थच. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वीं परीक्षा हवी, आणि तीहि स्वस्ताकडून महागाकडे.

प्रथम एअर क्लीनर पाहावा. तो तुंबला असेल तर इंजिनास श्वासच मिळत नाहीं. मग सेल्फ इंजिनाला पुरेशा वेगानें फिरवितो कीं नाहीं, हें पाहावें. तिसरी गोष्ट टॅपेटची फट. व्हॉल्व्हची बैठक झिजत गेली कीं ही फट कमी होते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाहीं आणि हवा गळते. ही फट जुळविण्यास मजुरीखेरीज फारसें कांहीं लागत नाहीं.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर दाबमापक लावावा. मात्र तो डिझेलचाच हवा. पेट्रोल मोटारीचा येथें चालत नाहीं. इंजिन गरम करून, तेल बंद ठेवून, नोझल काढून त्या जागीं मापक बसवितात व सेल्फ मारतात. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत दर चौरस इंचास ३५० ते ४५० पौंड दाब भरतो. नेमका आंकडा कंपनीच्या पुस्तकांत असतो. तथापि एका आंकड्यापेक्षां चारी सिलिंडरांची तुलना अधिक बोलकी असते. चारी सारखेच उतरले असतील, तर सर्वसाधारण झीज समजावी. शेजारचे दोनच उतरले असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

मग उतरलेल्या सिलिंडरांत चमचाभर इंजिनऑइल सोडून पुन्हां मोजावें. दाब लक्षणीय वाढला, तर रिंगा व लायनर झिजले. न वाढला, तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट दोषी. ऑइल मात्र अधिक ओतूं नये. द्रव पदार्थ दबत नाहीं आणि पिस्टनचा दांडा वांकतो. पिस्टन वरच्या टोकास ठेवून बाहेरून हवा भरली, तर कान देखील सांगतो. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर धुराचा व्हॉल्व्ह, एअर क्लीनरमधून आली तर हवेचा, ऑइल भरण्याच्या तोंडांतून आली तर रिंगा. आणि रेडिएटरच्या पाण्यांत बुडबुडे आले तर गॅस्केट, क्वचित् तडकलेलें हेड.

आणखी दोन गोष्टी. उंचीच्या दर १०० मीटरला हवेचा दाब सुमारें एक टक्क्यानें उतरतो. म्हणून पठारावर मापकाचा कांटा पुस्तकापेक्षां थोडा मागें राहिला, तर घाबरूं नये. दुसरी, पेट्रोलचा बोळा हवेच्या तोंडाशीं धरून इंजिन सुरू करण्याची खोड सोडावी. त्या स्फोटानें रिंगा तुटतात व आग लागण्याचेंहि भय असतें.

झिजेचें मूळ बहुधा धुळींत असतें. पाऊस थोडा, माती कोरडी, अशा मुलुखांत नांगरणीच्या दिवसांत एअर क्लीनरमधील ऑइल दररोज पाहिलें पाहिजे. आपल्यापैकीं अनेकांची वडिलार्जित जमीन गांवीं भाऊबंद कसतात. त्यांच्याकडून इंजिनाच्या कामासाठीं पैशाची मागणी आली, तर ती नाकारण्यापूर्वीं किंवा पुरविण्यापूर्वीं एवढेंच विचारावें : चारी सिलिंडरांचा दाब मोजला काय, आणि किती भरला?