खरी नक्कल
(जीर्णोद्धाराच्या भूमिपूजनप्रसंगी केलेले भाषण)



समितीने दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी तालुका कचेरीतला कारकून. जुने कागद सांभाळणे हेच माझे काम. तेव्हा जुन्या वास्तूंबद्दल थोडे बोलतो.

पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. तेथला मस्तानी महाल मूळचा कोथरूडचा. त्याचे अवशेष आणून ते दालन पुन्हा उभारले, म्हणून ते वाचले. मात्र पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे की, अवशेष जुने असले तरी जागा आणि मांडणी अलीकडची आहे.

दुसरे उदाहरण देवळाचेच. मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराच्या सभामंडपाचे सोळाव्या शतकातले कोरीव दगड नुसते पडून होते. 1912 साली ॲडेलिन पेपर गिब्सन या अमेरिकन बाईंनी ते विकत घेतले. 1919 साली त्या वारल्या आणि घरच्यांनी ते फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयास दिले. आज तेथे त्यांचा मंडप उभा आहे. दगड अस्सल आहेत. पण ते मुळात कोठे व कसे उभे होते, हे उलगडण्यासाठी नॉर्मन ब्राऊन या संस्कृत पंडितांना मदुराई गाठावी लागली. त्यांचे पुस्तक 1940 साली निघाले. शिवाय मंडप आहे, पण गाभारा नाही, की एकादशीचे भजन नाही.

कचेरीत आम्ही उताऱ्याची नक्कल देतो, तेव्हा तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारतो. नक्कल देण्यात कमीपणा नाही. ती मूळ म्हणून खपविली तर गुन्हा. वास्तूचेही तसेच. मोडका भाग नवा करावाच लागतो. फक्त जुने किती आणि नवे किती, हे लिहून ठेवावे.

उद्यापासून आपला जुना मंडप उतरेल. माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक खांबावर व तुळईवर क्रमांक घालून यादी करावी, आधी फोटो काढावेत, आणि नव्या कामावर साल कोरावे. एकही कोरीव दगड ओढ्याकाठी पडू देऊ नये.

आजच्या देणगीदारांची नावे आपण फरशीवर कोरणारच आहोत, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी हे खांब प्रथम उभे केले, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. त्यांची नोंद म्हणजे ते खांबच.