रोल नंबर 31 चा अर्ज
(गुरुपौर्णिमा, 21 जुलै 2024 रोजी स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी मला एखाद्या प्रवासाबद्दल बोलायला सांगितलं आहे. निवृत्तीनंतर मी गाडी काढून एकटाच भटकत असतो, हे ग्रुपवर फोटो टाकून टाकून मीच तुमच्या माथी मारलेलं आहे. आजचा प्रवास मात्र छोटा आहे. नाशिकहून पहाटे निघालो आणि रात्री जेवायला घरी परत. त्याचा एकही फोटो मी टाकलेला नाही.

मेळाव्याची यादी करताना आपल्या तुकडीतले सगळे सापडले. फक्त एका नावापुढे फोनची जागा रिकामी राहिली. रोल नंबर 31. नाव मुद्दाम घेत नाही, त्यानेच नको म्हटलंय. जुन्यांना आठवेलच. वसतिगृहात राहायचा, भूमितीची प्रमेयं तोंडपाठ, आणि कबड्डीत त्याला पकडणं कोणाच्या बापाला जमलं नाही. नववीत, 1982 च्या जुलैत, तो दिसेनासा झाला. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये शेरा आहे, ‘सतत गैरहजर, नाव कमी केले.’ गावाच्या रकान्यात रतनवाडीच्या पुढच्या एका वाडीचं नाव आहे.

7 जुलैच्या रविवारी पहाटे निघालो. बायको म्हणाली, “या पावसात एकटे कशाला जाता? मित्रांपैकी कुणाला तरी घ्या.” मी नको म्हटलं. कारण पुढे सांगतो.

घोटीपर्यंत महामार्ग, तो आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. घोटीला चहा घेतला आणि डावीकडे कोल्हार रस्त्याला लागलो. बारीच्या घाटात धुकं इतकं, की दिवे लावून दुसऱ्या गिअरवर चाललो होतो. कळसूबाई म्हणजे 1,646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पण त्या दिवशी पायथ्याचं बारी गावच जेमतेम दिसत होतं. नगर जिल्हा म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. त्याच जिल्ह्याचा हा अकोले तालुक्याचा कोपरा पावसात नुसता बुडालेला असतो.

शेंडीला भंडारदऱ्याच्या धरणावर गर्दी होती. 1926 साली पूर्ण झालेली ती दगडी भिंत, गरम भजी, सेल्फी. आपणही इतकी वर्षं तिथूनच परत फिरत आलो. त्या पाण्यावर खाली प्रवरेच्या कालव्यांवरचा ऊस उभा राहतो. पण जलाशयाच्या पलीकडच्या काठाला कोण राहतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आपल्यासोबत बाकावर बसणारा मुलगा तिथला होता, तरीसुद्धा.

शेंडी सोडली आणि मोबाईलची रेंज गेली. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी. एका ओढ्याच्या फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतं. खोली कळेना. मी गाडी बंद करून बसलो. खरं सांगतो, परत फिरायला हे कारण पुरेसं होतं, आणि मला मनातून बरंच वाटलं होतं. अर्ध्या तासाने पाणी थोडं उतरलं. एक म्हातारे बाबा गुरं घेऊन आले, काठी टेकत फरशीवरून पलीकडे गेले आणि मागे वळून म्हणाले, “माझ्या मागं मागं ये.” पाणी त्यांच्या घोट्यापर्यंतच होतं. मग काय, गेलो.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळापाशी पत्ता विचारला. तिथून पुढे वाडीपर्यंत गाडी गेली, आणि शेवटचं थोडं अंतर चिखलातून चालत. तो खाचरात होता. आवणी चालू होती. डोक्यावर प्लॅस्टिकचं घोंगतं, हातात रोपांची जुडी. माझ्याकडे दोन क्षण पाहिलं आणि ओरडला, “मॉनिटर!”

आता, मी कुणाला सोबत का नेलं नाही, ते सांगतो.

जुलै 1982. शाळा सुरू होऊन काही दिवस झाले होते. त्याला घरून निरोप आला. मध्यान्हीची एसटी पकडायची घाई होती, म्हणून त्याने एक अर्ज माझ्या हातात दिला, ‘सरांना दे’ म्हणाला. त्यात लिहिलं होतं की घरी आवणी आहे, तरी रजा मिळावी. मी तो दप्तरात ठेवला आणि विसरलो. आठवड्याने सापडला, तो भिजून लगदा झालेला. सरांनी हजेरीत नाव घेतलं तेव्हा मी उभा राहून म्हणालो, “माहीत नाही सर, पळून गेला असेल.” वर्ग हसला. मीही हसलो. नंतर तो वडिलांना घेऊन आला होता, तेव्हा नाव कमी झालेलं होतं. मी वर्गाच्या खिडकीतून बापलेकांना फाटकाबाहेर जाताना पाहिलं. तेव्हाही बोललो नाही.

त्याच्या ओट्यावर बसून हे सगळं सांगितलं. वहिनींनी काळभाताचा वाफाळता भात आणि खुरासणीची चटणी वाढली होती. तो जेवता जेवता ऐकत राहिला. मग म्हणाला, “आरं, त्या साली आमचा बैल मेला. नाव राहिलं असतं तरी मी काही आलो नसतो. तू जेव.” आणि वर म्हणाला, “एवढंसं अंतर यायला बेचाळीस वरसं लागली व्हय तुला?”

मला फार हलकं वाटलं. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. भाताचं बी अजून घरचंच ठेवतो म्हणाला. वेगवेगळ्या वाणांची मडकी दाखवली. ज्या राहीबाई पोपेरेंना बियाण्यांसाठी पद्मश्री मिळाली, त्या याच तालुक्यातल्या. मुलांबद्दल विचारलं. दोघंही शिकली, नोकरीला लागली. सहज बोलून गेला, “आवणीला पोरांना घरी ठेवायला लागायचंच. पण रजेचा अर्ज मी स्वतः नेऊन गुरुजींच्या हातात द्यायचो. दुसऱ्या कुणाच्या हाती कधी दिला नाही.”

तेव्हा मी नुसती मान डोलावली. परतताना त्या फरशीपाशी आलो, आणि त्या वाक्याचा अर्थ लागला. गाडी बाजूला घेऊन बराच वेळ बसलो होतो. बैल खरंच मेला असेल. पण मला जेवू घालण्यासाठीही त्याने तो मारला असेल. मी परत जाऊन विचारलं नाही. विचारायचा हक्क मला नाही.

निघताना मी त्याला आजचं आमंत्रण दिलं होतं. म्हणाला, “जुलैत? तुम्ही शहरातली माणसं कधी सुधारायची नाही.” मग आत गेला, वहीचं पान फाडून काहीतरी लिहिलं, घडी घालून माझ्या हातात ठेवलं. क्षणभर सोडलं नाही. मग सोडलं.

सर, आपण समोर बसला आहात. ते पान मी वाचून दाखवतो.

‘मा. वर्गशिक्षक यांस, घरी आवणी चालू असल्याने मी मेळाव्यास हजर राहू शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती. आपला आज्ञाधारक, रोल नंबर 31, इयत्ता नववी.’

मी खाली येऊन हा अर्ज आपल्या हातात देतो, सर. उशीर झाला आहे. पण या वेळी तो भिजू दिलेला नाही.